छपराची खतावणी

कामठीत बर्फ पडत नाही. मे महिन्यात कन्हानच्या पात्रावरून येणारा वारा भट्टीसारखा भाजतो, गच्चीवरच्या टाकीतील पाणी दुपारी हात पोळेल इतके तापते, आणि माणसे नवतपा कधी संपतो याची वाट पाहतात. अशा गावी छपरावर साचणाऱ्या बर्फाच्या वजनाची चर्चा कोणी केली तर ऐकणारा हसेल. तरीही २०१५ च्या फेब्रुवारीत कामठीतील एका धान्यव्यापारी कुटुंबात हाच विषय आठवडाभर चालला होता.

या कुटुंबातील धाकटा मुलगा अमेरिकेत बोस्टनजवळ नोकरी करतो. त्या हिवाळ्यात बोस्टनला विक्रमी बर्फ पडला. संपूर्ण हंगामाची नोंद ११०.६ इंच, म्हणजे सुमारे २८१ सेंटिमीटर झाली आणि त्यातील बहुतेक बर्फ जानेवारीअखेर ते फेब्रुवारी या थोड्याच आठवड्यांत कोसळला. मॅसॅच्युसेट्स राज्यात अनेक इमारतींची छपरे त्या भाराने खाली आली. मुलाने एका रात्री फोनवर सांगितले, ‘बाबा, आज सुटीचा सगळा दिवस छप्पर खरवडण्यात गेला. लांब दांड्याचे फावडे घेऊन खालूनच बर्फ ओढावा लागतो.’

वडिलांना नवल वाटले. ‘अरे, बर्फ तर कापसासारखा भुरभुरीत. त्याचे छपराला कसले ओझे?’

मुलगा म्हणाला, ‘बाबा, कापूस तुम्ही वेचणीचा पाहता तसाच जिनातल्या गाठीचाही पाहता ना?’

विदर्भातील व्यापाऱ्याला याहून सोपे उत्तर देता येणार नाही. मोकळ्या कापसाचा ढीग लहान मूलही उपसते, पण तोच कापूस प्रेसमध्ये दाबून १७० किलोची गाठ झाली की ती हलवायला हमाल लागतात. बर्फाचेही तसेच आहे. ताज्या, कोरड्या बर्फाचे वजन घनमीटरला १०० किलोच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. काही दिवस पडून राहिलेला, स्वतःच्याच भाराने दबलेला बर्फ २०० ते ३०० किलोंवर जातो. त्यावर पाऊस पडून तो भिजला की हा आकडा ४०० ते ५०० पर्यंत चढतो. म्हणून थर तेवढाच दिसत असताना ओझे मात्र दुपटी-तिपटीने वाढलेले असते. थराची उंची डोळ्यांना दिसते, वजन दिसत नाही, आणि छप्पर पेलते ते वजन.

त्या रात्री मुलाने फोनवरच हिशेब मांडून दाखविला. अंगणात ६० सेंटिमीटर दबलेला बर्फ आहे, त्याचे वजन घनमीटरला २०० किलो धरले तर जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर १२० किलो झाले. जमिनीवर जेवढा बर्फ साचतो तेवढा सगळा छपरावर टिकत नाही, कारण वारा काही उडवितो आणि उतारावरून काही घसरतो. म्हणून अभियंते जमिनीवरील भाराला छपराच्या आकाराप्रमाणे एका गुणकाने गुणतात. सपाट किंवा ३० अंशांपर्यंत उताराच्या साध्या छपराला हा गुणक ०.८ धरतात. उतार ३० अंशांपुढे वाढत गेला की गुणक कमी होत जातो आणि ६० अंशांना शून्य होतो, कारण इतक्या उभ्या छपरावर बर्फ थांबतच नाही. म्हणजे मुलाच्या छपरावर चौरस मीटरला १२० गुणिले ०.८, अर्थात ९६ किलो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर ९,६०० किलो. ‘म्हणजे ९६ क्विंटल,’ वडील लगेच म्हणाले, ‘पन्नास किलोची १९२ पोती तूर तुझ्या डोक्यावर ठेवली आहे.’ पोत्यांच्या भाषेत आल्याबरोबर ते ओझे त्यांना दिसू लागले.

या हिशेबात आणखी एक बारकावा आहे आणि तो आपल्याकडच्या बांधकामालाही शिकविणारा आहे. उंच भिंतीला लागून ठेंगणे छप्पर असेल तर वाऱ्याने उडालेला बर्फ त्या कोपऱ्यात येऊन पडतो आणि तेथे सरासरीच्या कितीतरी पट थर साचतो. दोन उतारांच्या मधल्या खाचेतही तेच घडते. सरासरी भार पेलणारे छप्पर अशा एका कोपऱ्यात हार खाते. व्यापारातही एकूण येणे ठीक दिसत असताना एकाच पक्षाकडे अडकलेली मोठी रक्कम पेढी बुडविते, हे जुन्या मुनिमांना सांगावे लागत नाही.

छप्पर कोसळले की लोक शेवटच्या बर्फाला दोष देतात. प्रत्यक्षात चूक बहुधा फार आधीची असते. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे अमेरिकेतील हार्टफर्ड शहरातील भव्य क्रीडागाराचे छप्पर बर्फाच्या भाराने खाली आले. काही तासांपूर्वीच तेथे सुमारे ५,००० प्रेक्षक बास्केटबॉलचा सामना पाहून घरी गेले होते. पहाटेची वेळ होती म्हणून एकही जीव गेला नाही. सुमारे ११० मीटर लांब आणि ९१ मीटर रुंद अशी ती पोलादी जाळी होती. चौकशीत दिसून आले की जाळीतील दाबाखालच्या दांड्यांना बाजूने पुरेसा आधार दिलेला नव्हता आणि छपराचे स्वतःचे वजनच कागदावर कमी धरले गेले होते. बांधकाम चालू असतानाच छप्पर अपेक्षेहून अधिक वाकल्याचे लक्षात आले होते. त्या खुणेकडे दुर्लक्ष झाले. त्या रात्रीचा बर्फ छपराने पेलायला हवा होता इतकाच होता. खाते पहिल्या पानापासून चुकलेले होते, बर्फाने केवळ तेरीज मांडून दाखविली.

पोलंडमधील कातोवित्से येथे मात्र दैवाने साथ दिली नाही. २८ जानेवारी २००६ रोजी प्रदर्शनाच्या एका मोठ्या दालनात कबुतरांचे प्रदर्शन भरले होते. छपरावरचा बर्फ आणि त्याखाली गोठलेला थर वेळेवर काढलेला नव्हता. छप्पर कोसळून ६५ माणसे मृत्युमुखी पडली. तेथेही रचनेतील दोष पुढे आले. एका ठिकाणी पहाटेची वेळ होती आणि दुसऱ्या ठिकाणी गर्दीची वेळ होती, दोन घटनांत मुख्य फरक एवढाच.

आपल्या देशातही या भाराचा नियम आहे. भारतीय मानक ब्यूरोचे ‘आयएस ८७५’ हे मानक इमारतींवरील भारांसाठीच आहे आणि त्याचे पाच भाग आहेत. पहिला बांधकामाच्या स्वतःच्या वजनाचा, दुसरा माणसे, सामान व वापर यांच्या भाराचा, तिसरा वाऱ्याचा, चौथा बर्फाचा आणि पाचवा इतर विशेष भारांचा व ते एकत्र कसे धरावेत याचा. चौथा भाग काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड अशा हिमालयीन प्रदेशांसाठी महत्त्वाचा. नागपूर जिल्ह्यात त्या खात्यावर शून्य लिहावयाचे. पण एक खाते शून्य असले म्हणून खतावणी मिटत नाही. उरलेली चार खाती कामठीलाही लागू आहेत आणि आपली छपरे त्याच खात्यांत बुडतात.

फोन ठेवल्यावर त्या वडिलांच्या मनात आलेला प्रश्न असा होता: बोस्टनच्या छपरावर ९६ क्विंटल आहे, मग आपल्या गोदामाच्या गच्चीवर किती आहे?

कामठी ही छावणीच्या मागोमाग वाढलेली वस्ती आहे. १८२१ मध्ये कन्हानच्या काठी इंग्रजांनी लष्करी छावणी वसविली आणि तिच्या पुरवठ्यासाठी व्यापारी येऊन स्थिरावले. त्यांची जुनी घरे कवेलूंची होती. आढे, वासे आणि त्यांवर कवेलू, असे उताराचे छप्पर पाऊस थांबू देत नसे आणि कोणाला वर बसूही देत नसे. म्हणून त्याच्यावर अनपेक्षित ओझे चढण्याची संधीच कमी होती. पुढे स्लॅब आला, गच्ची आली आणि गच्चीबरोबर मोकळी जागा आली. व्यापारी माणसाला मोकळी जागा रिकामी ठेवणे जमत नाही.

या कुटुंबाच्या गोदामाचा स्लॅब सुमारे चाळीस वर्षांचा. त्या उन्हाळ्यात त्यावर हजार लिटरच्या दोन टाक्या बसवायच्या होत्या, बारदाना ठेवण्यासाठी टिनाची एक खोली काढायची होती, गळती थांबविण्यासाठी नवा कोबा घालायचा होता आणि एप्रिलअखेर घरातील मुलीच्या लग्नाची हळद याच गच्चीवर करायची होती. मोठे बाबा, म्हणजे मुलाचे थोरले काका, यांनी गवंड्याला विसारही दिला होता.

आता एकेक कलम नावे टाकून पाहावे.

साडेबारा सेंटिमीटर जाडीच्या सिमेंट-काँक्रीट स्लॅबचे स्वतःचे वजन चौरस मीटरला सुमारे ३१२ किलो असते. त्यावर उतार व गळतीसाठी विटांच्या तुकड्यांचा दहा सेंटिमीटरचा कोबा घातला की आणखी १८० ते २०० किलो. हे दोन्ही कायमचे भार. मानकाच्या १९८७ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी वापराचा भार चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने १५० किलो धरतात. ये-जा नसलेल्या छपराला याच्या निम्मा. हा १५० किलोंचा आकडा प्रत्येक गृहस्थाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. गच्चीवर नंतर आपण जे जे चढवितो ते सारे या एवढ्याशा शिलकेतून खर्ची पडते.

आता गळती लागली म्हणून जुना कोबा न काढता त्यावरच दुसरा घातला, तर चौरस मीटरला सुमारे १८० किलोंची भर पडली. म्हणजे गच्चीवर एक माणूसही चढण्याआधी सगळी शिल्लक संपून वर ओव्हरड्राफ्ट झाला. कामठीतच काय, कोणत्याही गावी जुन्या वाड्यात व दुकानांवर असे दोन-दोन, तीन-तीन कोबे एकावर एक सापडतात. प्रत्येक पिढीने गळती थांबविण्यासाठी एकेक थर दिलेला असतो आणि जुना थर काढण्याची मजुरी वाचविलेली असते.

पुढचे कलम टाकीचे. हजार लिटर पाणी म्हणजे १,००० किलो. टाकीचा तळ साधारण एक चौरस मीटरचा. म्हणजे ज्या चौरस मीटरवर १५० किलो धरले आहेत तेथे हजार किलो. स्लॅबच्या मध्यभागी, जेथे नळ जोडायला सोयीचे पडते तेथे, टाकी ठेवणे सर्वांत वाईट. टाकी ठेवावी ती खांबाच्या माथ्यावर किंवा भिंतीवर टेकलेल्या आडव्या तुळयांवर, म्हणजे भार स्लॅबच्या पोटात न जाता सरळ खाली पायापर्यंत उतरतो.

मग हळदीचे कलम. गच्ची २० बाय ४० फुटांची, म्हणजे ८०० चौरस फूट, सुमारे ७४ चौरस मीटर. दीडशे पाहुणे, सरासरी ६५ किलोंचे, म्हणजे ९,७५० किलो. सर्वत्र सारखे विखुरले तर चौरस मीटरला सुमारे १३० किलो. कागदावर हे १५० च्या आत बसते आणि येथेच माणूस फसतो. पाहुणे सारखे विखुरत नाहीत. नवरीभोवती, पंख्याजवळ, जेवणाच्या टेबलापाशी ते गोळा होतात आणि दाटीच्या जागी चौरस मीटरला पाच-सहा माणसे सहज उभी राहतात. म्हणजे तेथे तीन ते चार क्विंटल. त्यात मंडप, खुर्च्या, भांडी आणि तालावर नाचणारे पाय. म्हणूनच पक्की आसने नसलेल्या सभागृहांसाठी तेच मानक पाच किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ५१० किलो धरायला सांगते. घराची गच्ची सभागृहाच्या हिशेबाने बांधलेली नसते. एका दिवसाचा कार्यक्रम म्हणून नियम बदलत नाही. स्लॅबला तिथी-मुहूर्त कळत नाही.

धान्यव्यापाऱ्यांसाठी आणखी एक कलम आहे. दुकानावरची राहती खोली रिकामी झाली की तिचे गोदाम करण्याची पद्धत आहे. राहत्या खोलीच्या जमिनीला चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचा भार धरतात. कोठारासाठी मात्र मालाच्या प्रत्येक मीटर उंचीला २.४ किलोन्यूटन आणि किमान साडेसात किलोन्यूटन, म्हणजे ७६५ किलोंच्या घरात. पन्नास किलोचे पोते साधारण अर्धा चौरस मीटर जागा व्यापते, म्हणजे पोत्यांचा एक थर चौरस मीटरला १०० किलो. दोन थर ठीक. आठ थरांची थप्पी लावली की चौपट. माल तारण ठेवून कॅश क्रेडिट काढताना बँक मालाच्या किमतीवर मार्जिन राखते, शंभराच्या मालावर शंभर देत नाही, कारण भाव केव्हा पडेल हे सांगता येत नाही. अभियंतेही तेच करतात. काँक्रीटच्या मानकात नेहमीच्या भाराला दीडने गुणून मगच रचना करतात. ते दीड म्हणजे मार्जिन आहे. मालातील दोष, कारागिरातील उणीव आणि काळाची झीज यांच्यासाठी ते राखलेले असते. आपल्या वाढीव पोत्यांसाठी ते ठेवलेले नाही. मार्जिनवर धंदा करणाऱ्या पेढीची गत व्यापारी जाणतात. मार्जिनवर उभ्या असलेल्या गोदामाची गतही तीच.

आता कामठीचा खरा बर्फ पाहू. तो म्हणजे गार. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात झालेली गारपीट शेतकऱ्यांच्या आजही स्मरणात आहे. भरीव बर्फ घनमीटरला ९१७ किलोंचा असतो. गारांच्या ढिगात मधल्या पोकळ्या सोडल्या तरी घनमीटरला सुमारे साडेपाचशे किलो भरतात, म्हणजे दबलेल्या हिमाहूनही जड. गारांचा दहा सेंटिमीटरचा थर चौरस मीटरला ५५ किलो देतो. हलक्या टिनाच्या छपराला तेवढे बहुधा सोसते. पण दोन उतारांच्या मधल्या पन्हळीत सगळ्या गारा घसरून येतात, तेथे ३० सेंटिमीटर साचल्या की १६५ किलो होतात, पन्हळीचे तोंड बुजते आणि मागून आलेले पावसाचे पाणी पत्र्याखालून थेट धान्यावर उतरते. बोस्टनच्या कोपऱ्यात साचणाऱ्या बर्फाचा नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो.

पाण्याचे खातेही असेच आहे. गच्चीवर एक सेंटिमीटर पाणी साचले की चौरस मीटरला दहा किलो. कठडा विटांचा, पाणी जाण्याचा नळ एकच आणि त्याच्या तोंडाशी पिंपळाची पाने, पतंगाचा कागद, जुने बारदान अडकलेले, असे असेल तर १५ सेंटिमीटर पाण्यात गच्चीची सगळी १५० किलोंची शिल्लक संपते. हे काल्पनिक नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांतच १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. नळ बुजलेल्या ८०० चौरस फुटांच्या गच्चीवर तेवढा पाऊस थांबला तर सात टनांहून अधिक पाणी होते.

आणि शेवटी वारा. हे खाते उलट्या बाजूचे आहे. वाऱ्याच्या मानकात नागपूरसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे तासाला सुमारे १५८ किलोमीटर दिला आहे. वाऱ्याचा दाब काढण्याचे सूत्र सोपे आहे: वेगाचा वर्ग गुणिले ०.६. त्याप्रमाणे चौरस मीटरला १,१६२ न्यूटन, म्हणजे सुमारे ११८ किलो. हा दाब छपरावर पडतो तेव्हा बहुतांशी वरच्या दिशेने ओढ लावतो. टिनाच्या पत्र्याचे वजन मात्र चौरस मीटरला पाच किलोंच्या आसपास. काँक्रीटच्या गच्चीची भीती खाली येण्याची, तर टिनाच्या छपराची भीती वर जाण्याची. पत्रा हुकबोल्टने कैचीला, कैची खांबाला आणि खांब पायाला घट्ट बांधलेला असावा लागतो. यांतील एक कडी सैल असली तरी पुरे. पत्र्यावर विटा व दगड ठेवून तो दाबण्याची रीत सर्वत्र दिसते. वावटळीत तेच दगड शेजाऱ्याच्या अंगणात जातात. वादळ येताना वाऱ्याच्या बाजूचे शटर उघडे राहिले तर आत शिरलेला वारा छपराला खालूनही ढकलतो. म्हणून मृगाआधीचे वादळ उठताच प्रथम ते शटर बंद करावे. गच्चीवर सौरपट्ट्या बसविताना हाच विचार हवा. सांगाड्यासह त्यांचे वजन चौरस मीटरला साधारण १५ किलोंच्या घरात, पण त्यांच्याखाली शिरणारा वारा त्याहून कितीतरी अधिक ओढतो.

हा सारा हिशेब मांडल्यावर त्या घरात वाद झाला. मोठे बाबा म्हणाले, ‘चाळीस वर्षे स्लॅब उभा आहे. माझ्या डोळ्यांसमोर पडला. बापूंनी त्यावर मिरच्या वाळविल्या, आपण पतंग उडविले. आता अमेरिकेतल्या फोनवरून त्याला दोष लावता?’

धाकट्या भावाने आवाज चढविला नाही. तो म्हणाला, ‘दादा, चाळीस वर्षे वेळेवर पैसे देणारा एखादा पक्ष एकाएकी बसलेला तुम्हीच पाहिला आहे. बसण्याच्या आधी त्याच्या खात्यात काही दिसत होते का? खुणा होत्या, आपण वाचल्या नाहीत.’

खुणा होत्याच. गोदामात स्लॅबच्या पोटाला दोन ठिकाणी तपकिरी डाग पडले होते. एके ठिकाणी पापुद्रा सुटून गंजलेली सळई दिसत होती. गंजलेले लोखंड फुगते, फुगून काँक्रीट फोडते आणि स्वतः मात्र बारीक होत जाते. म्हणजे एकीकडे नावे वाढत होते आणि दुसरीकडे भांडवलच आटत होते. पापुद्र्यावर दर दिवाळीला चुना लावला जाई.

शेवटी नागपूरहून स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलाविण्यात आला. त्याची फी मोठ्या बाबांना जड वाटली, पण ती टाकीच्या किमतीच्या आसपासच होती. त्याने हातोडीने स्लॅब ठोकून पाहिला, पोकळ आवाजाच्या जागा खडूने घेरल्या, तुळया मोजल्या, वरचा कोबा एका कोपऱ्यात फोडला आणि खाली आणखी एक कोबा आहे असे दाखविले. तो थर बापूंच्या काळातला. कोणाच्या आठवणीतही नव्हता.

त्याचा अहवाल दोन पानांचा होता. दोन्ही कोबे काढून एकच हलका थर द्यावा. गंजलेल्या सळया उघड्या करून दुरुस्ती करावी. टाक्या कोपऱ्यातील खांबांवर तुळया टाकून ठेवाव्यात. टिनाची खोली गच्चीवर नको, अंगणात काढावी. पाण्याला दोन वाटा असाव्यात. दुरुस्ती होईपर्यंत गच्चीवर दहा-बाराहून अधिक माणसे जाऊ नयेत.

शेवटचे वाक्य घरात सर्वांत जड ठरले, कारण पत्रिका छापून झाल्या होत्या आणि त्यांवर हळदीचे ठिकाण ‘निवासस्थानी, गच्चीवर’ असे होते. मोठे बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गोदामात गेले. जेवणानंतर हमाल मंडळी नेहमीप्रमाणे थप्प्यांच्या सावलीत, खडूने घेरलेल्या त्याच जागेखाली झोपली होती. ते थोडा वेळ उभे राहिले. परत येऊन त्यांनी घरात सांगितले, ‘हळद अंगणात होईल. आणि आजपासून माणसांना ओसरीत झोपायला जागा करून द्या.’

या विषयात व्यवहाराच्या दोन गोष्टी सर्वांनीच ध्यानात ठेवाव्यात. इमारत तारण ठेवताना बँक मूल्यांकनाचा अहवाल मागते. त्या अहवालात इमारतीची किंमत असते, तिची ताकद नसते. अहवाल चांगला आला म्हणजे स्लॅब चांगला, असा अर्थ काढू नये. विम्याचेही तसेच. आगीच्या विम्यात वादळ, पूर यांचे संरक्षण सामान्यतः असते, पण हळूहळू होणारी झीज व गंज त्यातून वगळलेले असतात. म्हणून जुन्या इमारतीच्या मालकाने पॉलिसीतील वगळलेल्या गोष्टींचे कलम आधी वाचावे. घराच्या कागदपत्रांत खरेदीखत आणि कराच्या पावत्या असतात, तेथेच बांधकामाचा नकाशा व सळयांचा तपशील जपून ठेवावा. पुढच्या पिढीने वर काय चढवावे हे त्यावरून ठरते. आणि जसा दिवाळीला ताळेबंद काढतो तसा रोहिणी संपण्याआधी वर्षातून एकदा छपराचा काढावा: नळांची तोंडे, पत्र्यांचे बोल्ट, स्लॅबच्या पोटाचे डाग आणि वर्षभरात गच्चीवर नव्याने चढलेले सामान. या चार गोष्टींना एक सकाळ पुरते.

त्या घरात आता हे काम मोठ्या बाबांकडे आहे. २०२३ च्या सप्टेंबरातील त्या रात्री पाऊस वाढला तेव्हा घरातील मंडळी तळमजल्यावरचा माल उचलण्यात गुंतली होती. पंचाहत्तरी ओलांडलेले मोठे बाबा एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. नातू मागून ओरडला, ‘आजोबा, खाली या, भिजाल!’ त्यांनी टॉर्चचा झोत आधी एका नळावर टाकला, मग दुसऱ्यावर. दोन्ही तोंडांतून पाणी घोंगावत खाली जात होते. तेव्हा कुठे ते जिना उतरू लागले.